अडकित्त्यात सापडलेले बोट

'अडकित्त्यात सापडणे' हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. साहेब आणि सहकारी यांच्यामध्ये सापडलेला कारकून वापरतो, आई आणि बायको यांच्यामध्ये सापडलेला नवरा तर रोज वापरतो. पण त्यांतल्या किती जणांचे बोट खऱ्याखुऱ्या अडकित्त्यात सापडलेले असते? माझे सापडले आहे. डाव्या हाताच्या तर्जनीवर, पेराच्या किंचित वर, त्याची पांढरी खूण अजून आहे. ती खूण मी गेली साठ वर्षे कोणाला कौतुकाने दाखवली नव्हती. यंदाच्या मे महिन्यात ती दाखवण्याची वेळ आली.

आमचे मूळ घर मुरुडचे, जंजिऱ्याच्या मुरुडचे. मागे वाडी, वाडीमागे पुळण आणि पुळणीपुढे समुद्र. वाडीत नारळ थोडे आणि पोफळी फार. पोफळीच्या वाडीतल्या घरात अडकित्ता हा घरचा माणूसच असतो. आमच्या आजीचा अडकित्ता नबाबाच्या अमदानीतला होता. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले, नबाब गेले, पण अडकित्त्याचे राज्य आमच्या ओटीवर तसेच चालू राहिले. पितळी दांडे, पोलादी पाते, आणि दोन्हींना जखडणारा एकच खिळा. दुपारची जेवणे झाली, की आजी झोपाळ्याजवळ पाट घेई आणि सुपारी कातरायला बसे. कट् कट् असा आवाज सुरू झाला, की आम्ही पोरे अंगणातून ओळखत असू की आता तासभर आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही.

मी त्या वेळी नऊ वर्षांचा होतो. अडकित्त्याला हात लावायची मला सक्त मनाई होती आणि म्हणूनच त्याला हात लावण्यावाचून मला दुसरे काही सुचत नव्हते. एका दुपारी आजीचा डोळा लागलेला पाहून मी तो उचलला आणि माजघराच्या अंधारात जाऊन बसलो. डब्यातली एक रोठा सुपारी पात्याखाली धरली आणि सारे बळ लावून दाबली. सुपारी टुणकन उडाली, अडकित्ता हातातून निसटला, आणि मी तो झेलायला गेलो. हे 'झेलायला गेलो' लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचेच काम आहे. अडकित्ता माझ्या हातात आला खरा, पण पात्याच्या बाजूने.

जखम मोठी नव्हती. मोठी होती ती भीती. मी बोटाला चिंधी गुंडाळली, जमिनीवरचे रक्त सदऱ्याने पुसले, सदरा विहिरीवर धुऊन टाकला आणि अडकित्ता होता तिथे ठेवून दिला. पुढचे तीन दिवस मी डावा हात चड्डीच्या खिशात घालून हिंडलो. आईने विचारले तर म्हणालो, "उगीच." तिसऱ्या रात्री बोट वांग्यासारखे सुजले, अंगात ताप भरला, आणि ग्लानीत मी सगळे सांगून टाकले. दवाखान्यात बोट चिरून पू काढावा लागला. त्या दुखण्याची आज मला फारशी आठवण नाही. आठवतात ते तीन दिवस. भरल्या घरात, आई, आजी, काका, काकू सगळे भोवती असताना, मी एकटा होतो.

ताप उतरल्यावर आजीने मला हाक मारली. मला वाटले, आता पाठ सोलून निघणार. तिने पाट सरकवला आणि म्हणाली, "बैस. चोरून शिकलास ते विसर. आता उघड्यावर शीक." आणि तिने मला अडकित्ता शिकवला. उजव्या हाताच्या मुठीत दोन्ही दांडे कसे धरायचे. डाव्या हाताच्या दोन बोटांनी सुपारी मागून कशी धरायची, म्हणजे बोटाचे टोक पात्याच्या रेषेत कधीच येत नाही. झटका न देता दाब हळूहळू कसा वाढवायचा. काम झाले की अडकित्ता मिटलाच पाहिजे. आणि दुसऱ्याला द्यायचा तर हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्याने तो उचलायचा. "हातात दिला की भांडण होतं," आजी म्हणे. पुढे मोठेपणी मी या समजुतीला हसलो. आणखी मोठा झाल्यावर कळले, की लहान मुलांना जखमेपेक्षा भांडणाची भीती जास्त वाटते, हे त्या बाईला पक्के ठाऊक होते.

आता यंदाच्या मे महिन्याकडे येतो. मुरुडच्या घरात आज माझी वहिनी असते. दादा गेल्यापासून वाडीचे सारे तीच पाहते. सुट्टीत मी आणि माझा सोळा वर्षांचा नातू तिच्याकडे गेलो होतो. नातू पुण्याचा, उंचीने माझ्या डोक्यावरून पाहणारा आणि बोलण्यात 'हं' आणि 'नाही' या दोन शब्दांवर भागवणारा. पहिल्या दोन रात्री त्याच्या खोलीतून मला एक आवाज ऐकू आला. चिक्-चक्-चिक्. मी म्हटले, पाल असेल. तिसऱ्या रात्री दार लोटले, तर चिरंजीव दिव्याखाली उभे आणि हातात एक चाकू गरगर फिरतो आहे! दोन मुठी पंखांसारख्या उघडतात, मधून पाते निघते, पुन्हा मुठी मिटतात आणि पाते नाहीसे होते. त्याला म्हणे फुलपाखरी चाकू म्हणतात.

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. 'गुंडांची हत्यारे', 'रामपुरी', 'पोलीस' आणि 'तुझ्या बापाला सांगतो' एवढे शब्द त्यात होते असे समजा. नातवाने सगळे निमूट ऐकले, चाकू मिटला आणि एकच वाक्य बोलला, "आजोबा, तो बोथट आहे. सरावाचा." मला ते खरे वाटले नाही. मी दार आपटून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी जेवताना पाहिले, तर हा उजव्या हाताने जेवतो आहे आणि डावा हात मांडीखाली. संध्याकाळीही तसेच. चौथ्या दिवशी सकाळी मी नारळाला पाणी घालत असताना वहिनी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, न्हाणीत एक रुमाल धुतलेला वाळत होता. त्याचे डाग गेलेले नाहीत. आणि पोराचा डावा हात परवापासून खिशात आहे."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. माणसाला आपलाच इतिहास दुसऱ्याच्या खिशात सापडावा, तसे मला झाले.

नातवाला ओटीवर बोलावले आणि आधी मी माझे बोट पुढे केले. नऊ वर्षांच्या मुलाची हकीकत सांगितली, तीन दिवसांसकट. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने खिशातून हात काढला. तर्जनीच, डावीच. त्याच्याजवळ एक नव्हे, दोन चाकू होते. एक खरोखर बोथट, धार नसलेला, पात्याला भोके पाडलेला. दुसरा धारेचा, एका मित्राकडून आणलेला. मी ओरडून गेल्यावर रागाच्या भरात त्याने धारेचा काढला, तो हातातून निसटला, आणि…

"आणि तू झेलायला गेलास," मी म्हटले.

त्याने मान हलवली.

आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, आणि आदल्या दिवशीच आला असता तर टाके घालता आले असते, आता ते तसेच भरू द्यावे लागेल, असे सांगितले. आमच्या लहानपणी अशा जखमेवर हळद दाबत. आज सांगायचे तर एवढेच, की वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावे, स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा, आणि खोल असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पण या सगळ्याच्या आधीची पायरी म्हणजे घरात कोणाला तरी सांगावे. आणि ती पायरी बांधणे मुलांचे काम नव्हे, आपले आहे.

घरी आल्यावर मी दोन्ही चाकू समुद्रात टाकायला निघालो. वहिनीने मला अडवले. "भाऊजी, समुद्रात टाकाल आणि पुण्याला गेला की हा दुसरा आणील. तोही तुम्हाला न सांगता." मग तिने बोथट चाकू हातात घेतला, चष्मा सारखा केला, उघडला, मिटला, आणि म्हणाली, "हा अडकित्ताच की! खिळे तेवढे दोन."

आणि खरेच की! अडकित्त्याचे दोन दांडे एका खिळ्यावर फिरतात. याच्या दोन मुठी पात्याच्या बुडाशी दोन वेगळ्या खिळ्यांवर फिरतात आणि मिटल्या की पाते दोघींच्या पोटात जाऊन बसते. फिलिपाइन्स देशातल्या बाटांगास प्रांतात हे चाकू पिढ्यान्‌पिढ्या बनतात. तिकडे त्याला बालिसाँग म्हणतात. तिथल्या माणसाला तो एका हाताने उघडता येणारा कामाचा चाकू. बाहेर सिनेमातल्या गुंडांच्या हाती तो गेला आणि बदनाम झाला. ब्रिटनने तर १९८८ साली त्याची विक्रीच बंद केली.

मी एका वकील मित्राला फोन करून आपल्याकडचे विचारले. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरकामाची आणि शेतीची अवजारे वगळून. आमचा चाकू त्या मापाच्या पुष्कळ आत होता. "पण माप लहान म्हणून खिशात घालून स्टँडवर हिंडायचं नाही," मित्र म्हणाला. "पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईचे हुकूम निघतात, आणि हातात चाकू दिसल्यावर माप काढत बसणारा हवालदार मी अजून पाहिलेला नाही."

तेव्हा तह झाला. धारेचा चाकू वहिनीच्या गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद. पुण्याला गेल्यावर नातवाने तो मित्राला परत करायचा, आणि त्या वेळी मी बरोबर असायचे. बोथट चाकूला घरात परवानगी. मात्र दार बंद करून नाही, ओटीसमोरच्या अंगणात, सगळ्यांदेखत. आणि बोट भरून आल्यावरच.

पुढचे दहा-बारा दिवस आमच्या अंगणात शाळा भरली. गुरू नातू, पर्यवेक्षक वहिनी आणि विद्यार्थी मी. होय, मीही शिकलो! ज्या गोष्टीला आपण शिव्या दिल्या, ती निदान एकदा हातात धरून पाहावी, असे वहिनीचे म्हणणे पडले.

पहिला धडा मुठींचा. दोन्ही मुठी दिसायला जुळ्या बहिणी; पण स्वभाव अगदी वेगळे. पात्याच्या बोथट पाठीकडे मिटते ती मूठ गरीब. ती धरून चाकू फिरवला तर पाते बोटांवर आले तरी पाठीने येते. धारेच्या बाजूला मिटते ती मूठ चावरी. ती धरून फिरवली, की धार सरळ बोटांच्या पेरांवर. मुठी मिटून ठेवणारी कडी बहुधा चावऱ्या मुठीच्या टोकाला असते, हीच ओळखण्याची खूण. पण "घाईत कडी कोण बघतो?" असे म्हणून वहिनीने गरीब मुठीला देवघरातला लाल नाडा बांधून टाकला. उघडण्याआधी नाडा हातात आहे ना, हे पाहायचे. रोज, दर वेळी.

दुसरा धडा जागेचा. मी सवयीने झोपाळ्यावर बसून सुरुवात करणार होतो. गुरूंनी उठवले. बसून केले, की चाकू पडतो तो मांडीवर. उभे राहायचे, पाय थोडे फाकून, पायांत बूट घालून. खाली मऊ जमीन किंवा गोणपाट, म्हणजे चाकू उसळत नाही. दोन हातांच्या अंतरात माणूस नको, मांजर नको. मेच्या घामाने हात ओला झाला, की थांबायचे आणि पुसायचे. सुरू करण्याआधी खिळे ढिले झाले आहेत का ते हलवून पाहायचे. वेग मागायचा नाही. एकच हालचाल, हळू, पंधरा-वीस वेळा. हात दमला की शाळा सुटली.

आणि तिसरा धडा. तो सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत अवघड. हातातून निसटलेला चाकू झेलायचा नाही. हात मागे, पाय मागे, आणि पडू द्यायचा.

वाचकहो, हे करून पाहा. म्हणजे चाकूने नको, लाटण्याने करून पाहा. हातातून काही निसटले, की आपला हात आपल्याला न विचारताच पुढे जातो. सत्तर वर्षे कपबशा, चष्मे आणि पोरे झेलण्यात गेलेला हात तो. त्याला मागे घ्यायला शिकवायचे म्हणजे काय! पहिल्या दिवशी मी तेवीस वेळा चाकू पाडला आणि तेवीस वेळा हात पुढे केला. वहिनी तांदूळ निवडत मोठ्याने मोजत होती. "चोवीस," ती म्हणाली, "आणि या वेळी भाऊजींचं मधलं बोट गेलं." पाते बोथट होते म्हणून बोट शाबूत होते. सरावाला बोथट पाते का घ्यायचे, हे मला तेव्हा कळले. चुका तर व्हायच्याच. निदान त्या स्वस्तात व्हाव्यात.

पाचव्या दिवशी चाकू निसटला आणि माझा हात आपोआप मागे गेला. चाकू गोणपाटावर धप्‌कन पडला. नातवाने टाळ्या वाजवल्या. एखादी वस्तू पाडल्याबद्दल या घरात टाळ्या मिळालेला मी पहिलाच माणूस असेन.

त्या संध्याकाळी वहिनी आपणहून निसर्ग वादळाचे बोलली. ३ जून २०२०. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा आणि चाळीस-पन्नास फुटी पोफळी. "काड्या मोडाव्या तशा मोडत होत्या," ती म्हणाली. "आपला गडी धावत निघाला होता वाडीत. विहिरीजवळची रोपं तरी आत आणतो म्हणत होता. मी त्याला दारातच धरून ठेवलं. म्हटलं, पडतंय ते पडू दे, तू खाली जाऊ नकोस. दुपारी वारा थांबला तेव्हा निम्मी वाडी आडवी होती. पण गडी उभा होता." पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. वहिनीने त्याच पावसाळ्यात नवी रोपे लावली. तो गडी आजही त्यांना पाणी घालतो.

नातू ऐकत होता. काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो आजीचा अडकित्ता घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. "हा शिकवा," म्हणाला.

मग शाळेची बाजू फिरली. गुरू मी, विद्यार्थी तो. दोन बोटांनी सुपारी मागून धरायची, झटका द्यायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. पहिल्या दिवशी त्याच्या सुपाऱ्या अंगणभर उडाल्या आणि कोंबड्या पळाल्या. एकदा अडकित्ताच निसटला. मी श्वास रोखला. त्याने दोन्ही हात वर केले आणि अडकित्ता पाटावर पडू दिला. चौथ्या दिवशी त्याने वहिनीला तिच्या पानापुरती बारीक कातरलेली सुपारी वाटीत घालून दिली. वहिनीने ती चघळली आणि "जाड आहे" एवढेच म्हणाली. पण वाटी रिकामी केली.

निघण्याच्या दिवशी वहिनीने अडकित्ता पुसला, मिटला आणि नातवासमोर जमिनीवर ठेवला. त्याने हात पुढे केलेला होता. "हातात नाही देत रे," ती म्हणाली. "उचल. तुझ्या खापरपणजीचा आहे." त्याने वाकून उचलला.

पुण्याला आम्ही दोघे मिळून त्या मित्राकडे गेलो आणि धारेचा चाकू परत करून आलो. त्या पोराची आई दारात होती. तिला सगळी हकीकत सांगताना माझ्या नातवाने डावा हात खिशात घातला नाही. बोथट चाकू, लाल नाड्यासकट, त्याच्या टेबलावर उघड्यावर असतो. तो अजून फिरवतो. त्याच्या आईला तो आवाज आवडत नाही. पण आवाज येतो आहे तोवर काळजी नाही, असे मी तिला समजावले आहे.

परवा गणपतीत त्याचा फोन आला. सोळा वर्षांचा मुलगा आपणहून आजोबांना फोन करतो, म्हणजे काहीतरी घडलेच असणार, असे धरून मी उठून बसलो.

"आजोबा, बोट कापलं. अडकित्त्यानं. नैवेद्याच्या विड्याची सुपारी कातरत होतो. जास्त नाही. धुतलंय, आई पट्टी बांधते आहे."

"मग मला कशाला फोन केलास?"

"काही नाही. सांगतोय फक्त."

नातवाचे बोट कापल्याचे ऐकून ज्याला बरे वाटले, असा आजोबा त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्रात मी एकटाच असेन.